मोबाईल पाकिटावरचा तक्ता कसा वाचतो?

बारामतीकरांना 'एआय' हा शब्द उसामुळे माहीत झाला. येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे आणि संगणकाचा अंदाज यांची सांगड घालून उसाला पाणी व खत देण्याचा प्रयोग झाला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या आरंभी त्याचा जाहीर उल्लेख केला आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवरही या विषयावर मते मांडली जातात. ऊस शेतकऱ्याचा, त्यात आपले काय, असे आपले बेकरीवाले, फरसाणवाले, मसाल्याचे व खजुराचे व्यापारी म्हणत आले. परंतु तेच तंत्र आता निराळ्या वाटेने आपल्या दुकानात शिरले आहे. गिऱ्हाईक पाकीट उचलते, उलटे करते, मागच्या बाजूच्या पोषण तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढते, आणि मोबाईल त्याला सांगतो की यात साखर किती, मीठ किती, फॅट किती.

बारामतीतील एका बेकरीवाल्या बांधवाची हकीकत ऐका. टोस्टची पाकिटे पुण्यातील एका मोठ्या दुकानात ठेवावीत म्हणून त्यांनी नमुना दिला. तेथील मुलाने मोबाईलवर फोटो घेतला आणि मोबाईलने सांगितले की १०० ग्रॅम टोस्टमध्ये ११५ ग्रॅम फॅट आहे! शंभर ग्रॅमच्या वस्तूत एकशे पंधरा ग्रॅम फॅट कसे मावेल, हा विचार त्या मुलाने केला नाही. नमुना परत आला, वर चिठ्ठी होती, 'लेबल दुरुस्त करा.' पाकिटावर आकडा ११.५ असाच होता. पण पिवळ्या पाऊचवर लाल शाईत छापलेला तो दशांशाचा ठिपका नेमका घडीवर आला होता. दोष मोबाईलचा म्हणावा तर आहेच, पण छपाईचाही आहे. हे यंत्र वाचते कसे आणि चुकते कोठे, हे समजून घेतले असते तर नमुना परत आला नसता.

प्रथम तक्ता म्हणजे काय ते पाहू. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, लेबलविषयीचे सध्याचे विनियम २०२० सालचे आहेत. सर्वसाधारणपणे बंद पाकिटातील अन्नावर त्यानुसार दहा आकडे लागतात. ऊर्जा किलोकॅलरीत. प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट आणि ट्रान्स फॅट हे ग्रॅममध्ये. कोलेस्टेरॉल व सोडियम मिलिग्रॅममध्ये. हे सर्व १०० ग्रॅममागे लिहायचे, शिवाय एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो तेही दाखवायचे. त्यासाठी दिवसाची गरज २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, अशी धरली आहे. अगदी लहान पाकिटांना, ज्यांचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी आहे, यातून सूट आहे. आषाढात संत तुकारामांची पालखी सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते तेव्हा वाटेवर सुटी खारी व टोस्ट किलोकिलोने खपतात. तेथे तक्त्याचा प्रश्न येत नाही. पण माल पाकिटात बंद केला की आला.

बारामती एमआयडीसीत श्रायबर डायनामिक्सचे चीज बनते. इटलीच्या फेरेरो कंपनीचा कारखाना तेथे २०११ पासून आहे. इंदापूर तालुक्यात सोनाईसारखी मोठी डेअरी आहे. अशा मोठ्या कारखान्यांकडे लेबल पाहणारी माणसे असतात. आपल्याकडे बेकरीमालक, त्याचा मुलगा आणि छापखानेवाला मिळून लेबल ठरवतात. म्हणून हा धडा मोठ्यांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

आता यंत्राकडे वळू. ज्याला मशीन लर्निंग म्हणतात ते कळायला भट्टीवरचा शागीर्द डोळ्यांसमोर आणा. उस्ताद त्याला पुस्तक देत नाही. हा टोस्ट झाला, हा कच्चा, हा करपला, असे हजार वेळा दाखवतो. शागीर्द रंग पाहतो, वास घेतो, चुकतो, बोलणी खातो आणि वर्षभरात न सांगता ओळखू लागतो. यंत्रही असेच शिकते. त्याला हजारो पाकिटांचे फोटो दाखवतात आणि प्रत्येक फोटोत माणसाने खूण केलेली असते की हा आकडा साखरेचा, हा सोडियमचा, हे एकक ग्रॅम. यंत्र अंदाज करते, चुकले की त्याच्या आतील गणित थोडे थोडे बदलले जाते, आणि पुन्हा अंदाज. पण शागिर्दाची जी उणीव तीच यंत्राचीही. एका भट्टीवर शिकलेला कारागीर दुसऱ्या भट्टीवर गेला की पहिले चार घाण बिघडतात. युरोपातील पुठ्ठ्याच्या सपाट डब्यांवर शिकलेले यंत्र आपल्या चकचकीत, फुगलेल्या पाऊचसमोर तसेच गोंधळते.

फोटो घेतल्यावर यंत्राच्या आत दोन निरनिराळी कामे होतात. पहिले काम अक्षरे ओळखण्याचे. याला ओसीआर म्हणतात आणि ते जुने आहे. 'टेसेरॅक्ट' नावाचा प्रोग्राम एचपी कंपनीने १९८५ ते १९९४ या काळात बनवला, २००५ मध्ये तो सर्वांना खुला झाला, पुढे गुगलने तो सांभाळला. आज तो मराठीही वाचतो. देवनागरीची अडचण मात्र निराळी होती. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. यंत्राला एक अक्षर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे कळेना. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी आणि यू. पाल यांनी १९९७ साली बंगाली व देवनागरी या दोन लिप्या वाचणारी पद्धत मांडली. अशा जुन्या पद्धतींत आधी शिरोरेषा शोधून ती बाजूला काढायची आणि मग खालची अक्षरे वेगळी करायची, असा क्रम असे. २०१८ च्या टेसेरॅक्टपासून अक्षरे तोडण्याची गरज राहिली नाही. शिकलेले यंत्र अख्खी ओळ एकदम वाचते.

दुसरे काम अर्थ लावण्याचे, आणि खरी मेख तेथे आहे. अक्षरे सगळी बरोबर वाचली, पण ११.५ हा आकडा फॅटचा की साखरेचा हे कसे कळणार? माणूस बोट ठेवून ओळ धरतो. यंत्र प्रत्येक शब्दाची फोटोतील जागा टिपते, आणि 'टोटल फॅट' या शब्दांच्या उजवीकडे, त्याच पातळीवर, जो आकडा आहे तो त्याचा, असे जुळवते. पाकीट तिरके धरले किंवा पाऊच फुगलेला असला की ओळ वाकते आणि वरच्या ओळीचा आकडा खालच्या नावाला चिकटतो. त्यात तक्त्याला दोन रकाने असतात, एक १०० ग्रॅमचा, दुसरा एका वेळच्या खाण्याचा. यंत्राने चुकून दुसरा रकाना उचलला तर आपला टोस्ट अचानक फार पौष्टिक वाटू लागतो! गिऱ्हाईक खूश होईल, पण ते खोटे असेल, आणि मधुमेहाच्या रोग्यासाठी ते महागात पडेल.

या कामाचे जगातील एक चांगले उदाहरण फ्रान्सचे आहे. स्तेफान जिगांदे यांनी २०१२ मध्ये 'ओपन फूड फॅक्ट्स' नावाचा उपक्रम सुरू केला. लोक आपण विकत घेतलेल्या पाकिटांचे फोटो त्यात टाकतात आणि ३० लाखांहून अधिक वस्तूंची माहिती अशी जमली आहे. ती कोणालाही फुकट वापरता येते. तेथे 'रोबोटॉफ' नावाची यंत्रणा फोटोतून पोषणाचे आकडे काढते. पण यंत्राने काढलेली माहिती संशयास्पद वाटली तर ती माणसासमोर ठेवली जाते आणि माणूस हो किंवा नाही म्हणतो. शहाणपणाची गोष्ट आहे. आपल्याकडे अनेक ॲप निघाली आहेत, त्यांतील काही ही तपासणी करतात, काही करीत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला त्यातला फरक दिसत नाही.

आता चुका कोणत्या, ते सविस्तर पाहू, कारण आपल्या कामाचे तेच आहे.

सर्वांत जास्त चुका ठिपक्याच्या. ११.५ चे ११५ झाले, ०.१ चे ०१ झाले, मग १ झाले. ट्रान्स फॅटच्या ओळीत ही चूक फार वाईट, कारण बेकरीच्या मालात लोक आता तीच ओळ पाहतात. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील कारखानी ट्रान्स फॅट शंभरात दोनपेक्षा जास्त चालत नाही. डालडा बदलून, खर्च सोसून ज्याने हा आकडा खाली आणला, त्याच्या पाकिटावर यंत्राने दहापट वाचावे हा अन्यायच म्हणायचा.

दुसरी चूक ग्रॅमच्या अक्षराची. इंग्रजीत ग्रॅमसाठी जे लहान अक्षर लिहितात ते नऊच्या आकड्यासारखे दिसते. आकडा आणि ते अक्षर चिकटून छापले तर '५ ग्रॅम' चे '५९' होतात आणि '० ग्रॅम' चे '०९'. साखर शून्य असलेला माल नऊ ग्रॅम साखरेचा ठरतो. यावरचा उपाय फुकटचा आहे. आकडा आणि एकक यांत एका अक्षराची मोकळी जागा सोडा.

तिसरी चूक आपल्या आकड्यांची. हौसेने कोणी तक्ता मराठी आकड्यांत छापतो. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला ४ इंग्रजी आठसारखा. इंग्रजी आकड्यांवर शिकलेले यंत्र १४ चे ९८ करून ठेवते. खजुराच्या व्यापाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. रमजानच्या आधी इंदापूर-बारामतीच्या दुकानांत जे आयात खजुराचे डबे येतात, त्यांतील काहींवर अरबी आकडे असतात. ज्यांनी लहानपणी मदरशात अरबी शिकली त्यांना ठाऊक आहे की अरबी पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. यंत्राने अरबी पाचला शून्य आणि अरबी शून्याला दशांशचिन्ह समजले तर पन्नासचे काय होईल, याचा विचार करा! अशा डब्यावर अरबी तक्त्याचा फोटो न घेता इंग्रजी तक्ता असेल त्याचाच घ्यावा.

शब्दांचाही घोळ आहे. विनियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत लागते, शिवाय दुसरी भाषा घालता येते. हिंदीत फॅटला 'वसा' म्हणतात. मराठी माणसाला वसा म्हटले की व्रत किंवा वारसा आठवतो, उतू नये मातू नये असा! यंत्राला दोन्ही भाषांतील शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे वेगळे शिकवावे लागते, आणि मराठी तक्ते पाहिलेली यंत्रे अजून थोडीच.

परदेशी पाकिटांत आणखी एक फसवी जागा आहे. युरोपात सोडियमऐवजी मीठ लिहितात. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते. ऊर्जाही तेथे आधी किलोज्यूलमध्ये असते. आपले ४२० किलोकॅलरी म्हणजे त्यांचे सुमारे १७५७ किलोज्यूल. एकक न पाहता आकडा उचलणारे ॲप तुम्हाला सांगेल की शंभर ग्रॅम बिस्किटांत १७५७ कॅलरी आहेत.

इतक्या चुका होत असतील तर हे यंत्र वापरायचे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर हिशोबात आहे, आणि हिशोब व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. पोषण तक्ता हा वहीच्या पानासारखा असतो. त्यातले आकडे एकमेकांना बांधलेले असतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो नियम घालून दिला तो आजही चालतो. एक ग्रॅम प्रोटीनचे ४, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटचे ४ आणि एक ग्रॅम फॅटचे ९ किलोकॅलरी.

आपल्या त्या बेकरीवाल्या बांधवाचा तक्ता घ्या. प्रोटीन ९ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ७० ग्रॅम, फॅट ११.५ ग्रॅम, ऊर्जा ४२० किलोकॅलरी. ९ चोक ३६. ७० चोक २८०. साडेअकरा नव्वे १०३.५. बेरीज ४१९.५. छापलेले ४२०. जुळले. आता मोबाईलने वाचलेले ११५ घालून पाहा. ११५ नव्वे १०३५, त्यात ३६ आणि २८० मिळवले की १३५१. छापलेल्या ४२० शी काडीचाही मेळ नाही. शिवाय ९, ७० आणि ११५ यांची बेरीज १९४ ग्रॅम होते, आणि माल आहे १०० ग्रॅम. पुण्याच्या त्या मुलाने किंवा त्याच्या ॲपने एवढी एक बेरीज केली असती तर चूक जागीच पकडली गेली असती.

खारीचे आकडे निराळे, पण नियम तोच. समजा प्रोटीन ७, कार्बोहायड्रेट ५५, फॅट ३०. तर २८ अधिक २२० अधिक २७०, एकूण ५१८. पाच-दहाचा फरक चालतो, कारण आकडे जवळच्या पूर्णांकावर आणलेले असतात आणि कोंड्यातील चोथ्याला ऊर्जा कमी धरतात. फरक पन्नासच्या वर गेला की थांबून पाकीट पुन्हा पाहावे. याच वहीत आणखी काही नोंदी आहेत. वरून घातलेली साखर एकूण साखरेपेक्षा जास्त असू शकत नाही, एकूण साखर कार्बोहायड्रेटपेक्षा जास्त असू शकत नाही, सॅच्युरेटेड फॅट एकूण फॅटच्या आत राहायला हवे. टक्केवारीचा रकानाही साक्ष देतो. दोन टोस्ट ३० ग्रॅमचे धरले तर फॅट ३.४५ ग्रॅम, म्हणजे ६७ च्या सुमारे ५ टक्के. तेथे ५ छापलेले असेल तर ११.५ हाच आकडा खरा.

ॲप विकणारे शंभरातील ९८ आकडे बरोबर वाचतो असे सांगतात तेव्हाही हाच हिशोब करावा. ऐकायला फार चांगले वाटते. पण एका तक्त्यात दहा आकडे असतात. दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात ८२ च्या आसपास उतरते. चुका अशा विखुरलेल्या असतील तर २०० पाकिटांपैकी ३६-३७ पाकिटांत कोठे तरी एक आकडा चुकीचा असेल. प्रत्यक्षात चुका वाईट फोटोंवर गोळा होतात, त्यामुळे पाकिटे थोडी कमी निघतील. तरीही विचारावे की तुमचे ९८ आकड्यांचे की पाकिटांचे.

जेथे वहीचा हिशोब लागत नाही अशा दोन जागा मात्र आहेत, आणि त्या आपल्याला जास्त जवळच्या आहेत.

पहिली जागा घटक पदार्थांची यादी. तीत बेरीज नसते. आपल्याकडे गिऱ्हाईक विचारते, यात जिलेटिन आहे का, हा ४७१ नंबर कसला? ४७१ हे फॅटपासून बनवलेले पदार्थ वनस्पतीचे असू शकतात किंवा प्राण्याचेही. यंत्राने ४७१ चे ४७७ वाचले तर ती वस्तूच दुसरी होते, आणि ती चूक पकडायला कोणताही गुणाकार नाही. भारतीय पाकिटावर हिरवी खूण असेल तर दुधासारखे अपवाद सोडता त्यात प्राणिजन्य घटक नसावा असा नियम आहे, तपकिरी त्रिकोण असेल तर आहे. पण प्राणी कोणता आणि कोणत्या रीतीने कापलेला, हे खूण सांगत नाही, यंत्रही सांगू शकत नाही. मोबाईलवर हिरवी अक्षरे आली म्हणून गिऱ्हाइकाला 'हलाल आहे' असे सांगू नका. कंपनीला पत्र लिहा, उत्तर येईपर्यंत 'ठाऊक नाही' म्हणा. एक विक्री जाईल.

दुसरी जागा नव्या प्रकारच्या ॲपची. आधी सांगितलेली यंत्रे जे दिसते तेच वाचतात. आता गप्पा मारणारी मोठी यंत्रे आली आहेत, त्यांना फोटो दिला की ती सुबक तक्ता बनवून देतात. ती बऱ्याचदा अधिक हुशारीने वाचतात हेही खरे. पण अक्षरे पुसट असली की काही वेळा ती रिकामी जागा आपल्या अंदाजाने भरतात. टोस्टमध्ये साधारण जितके असते तितके लिहून मोकळी होतात. आणि हा अंदाज इतका सराईत असतो की ४-४-९ चा हिशोबही जुळतो! खोट्या वहीची बेरीज नेहमीच बरोबर असते, हे मुनीमजींना विचारा. येथे एकच उपाय, पाकीट हातात धरून आकडा आकड्याशी ताडून पाहणे.

ताटाच्या फोटोवरून कॅलरी सांगणाऱ्या ॲपविषयी थोडक्यात. ते वाचन नव्हे, तो अंदाज आहे. गुगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे ५००० ताटांचे फोटो आणि त्यांतील प्रत्येक जिन्नसाचे वजन असा संग्रह प्रसिद्ध केला, तो याच कामासाठी. बिर्याणीच्या फोटोत भात दिसतो, बोटी दिसते. तळाला किती तूप बसले आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. हॉटेलवाल्यांनी अशा आकड्याचा बोर्ड लावू नये.

लोक एवढ्या बारकाईने पाहतात तरी का, अशी शंका असेल तर बोर्नव्हिटाचे प्रकरण आठवा. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी त्या डब्यावरील साखरेविषयी एक चित्रफीत काढली. कंपनीच्या नोटिशीनंतर त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर ती देशभर पोहोचली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने वरची साखर १४.४ टक्क्यांनी कमी केल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट हे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. वारा कोणत्या दिशेला आहे ते यावरून दिसते.

आता आपण करायचे काय? आकडे प्रथम खरे असले पाहिजेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून माल तपासून घ्या. दुसऱ्या बेकरीच्या पाकिटावरचे आकडे उतरवून काढण्याची जी चाल आपल्या लाईनीत आहे ती बंद करा. तुमचा मैदा वेगळा, तुमचे तूप वेगळे. प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्यावरही ४-४-९ चा हिशोब एकदा करून पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. मैदा, साखर, तूप यांच्या वजनांवरून साधारण आकडा कोठे यावा याचा अंदाज त्यावरून येतो.

मग छपाई. तक्त्याची जागा पांढरी व बिनचमकीची ठेवा, अक्षरे काळी. आकडे इंग्रजी. प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ, म्हणजे यंत्राची ओळ सुटणार नाही. तक्ता पाऊचच्या सांध्यावर किंवा घडीवर येऊ देऊ नका. पाऊच भरल्यावर तो कोठे येतो ते रिकाम्या नमुन्यावर कळत नाही, म्हणून एक पाऊच भरून, सील करून पाहा. छापखानेवाला म्हणेल की सिलिंडर बनला, आता बदल नाही. म्हणून सिलिंडर बनण्याआधी कागदावर प्रत काढून ती भरलेल्या पाकिटावर चिकटवा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तीन निरनिराळ्या मोबाईलवर फोटो घ्या. एक तरी मोबाईल जुना व स्वस्तातला असू द्या, कारण गिऱ्हाइकाकडे तोही असतो. मोबाईलमधील अक्षरे वाचण्याची सोय, गुगल लेन्ससारखी, यासाठी पुरते. वेगळे ॲप विकत घेण्याची गरज नाही.

हे काम एकेका दुकानदाराने करण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी मिळून केलेले बरे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापुरात एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. आपल्या भागातील खारी, टोस्ट, नानकटाई, शेव, चिवडा यांच्या दोनशे पाकिटांचे फोटो, चांगले आणि वाईट दोन्ही, गोळा करून प्रत्येकाचे आकडे हाताने लिहून दिले, तर हिंदी-मराठी तक्ते यंत्राला शिकवण्याची सुरुवात येथूनही होऊ शकते. आकडे लिहिण्याचे काम किचकट आहे, दोनशे पाकिटांचे दोन हजार आकडे. दोन जणांनी वेगवेगळे लिहावेत आणि जेथे जुळत नाहीत तेथे तिसऱ्याने पाकीट पाहावे.

सुरुवातीला सांगितलेल्या बांधवाने सध्या नवा पाऊच छापलेला नाही. जुन्या पाऊचचे रोल शिल्लक आहेत, ते फेकणे परवडणारे नाही. त्यांनी पांढऱ्या कागदाचे स्टिकर करून तक्ता घडीपासून दोन बोटे वर लावला आणि तीन मोबाईलवर पाहिले. तिन्हींनी फॅट ११.५ बरोबर वाचले. एकाने सोडियमचे ३१० मिलिग्रॅम ३१० ग्रॅम असे दाखवले. स्टिकरवरील एककाची अक्षरे आता थोडी मोठी करावी लागणार आहेत.